तीनशे खुब्यांचं देणं

मँचेस्टर म्हटलं, की मराठी माणसाला आधी आठवतं ते कापड. 1905 साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली ती या कापडाच्या रागाने. लँकेशायरच्या मागांनी आपल्याकडच्या किती विणकरांच्या चुली विझवल्या, त्याचा हिशेब अजून पुरता झालेला नाही. पण त्याच मुलखातल्या मागांच्या एका सुट्या भागातून 1962 साली अशी एक वस्तू निघाली, की तिची होळी करायचं कुणाच्या मनात येणार नाही. आज आपल्या ओळखीपाळखीत कुणा ना कुणाचा खुबा बदललेला असतो. जी बाई दोन वर्षं काठी टेकत, कण्हत जिना चढत होती, ती चार महिन्यांनी मंडईत पिशवी घेऊन भेटते, तेव्हा तिच्या शरीरात जे काही बसवलेलं असतं, त्याचा वंश मँचेस्टरजवळच्या एका प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचतो. त्या प्रयोगशाळेचा धनी होता जॉन चार्नली. आपल्याकडे हे नाव डॉक्टरमंडळींखेरीज फारसं कुणाला ठाऊक नाही.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा, हे आपण शाळेत शिकलो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला, की हाडावर हाड घासतं आणि माणूस आधी फिरणं सोडतो, मग देवळात जाणं, मग लग्नकार्याला जाणं, आणि शेवटी झोप. जीव जात नाही, म्हणून या दुखण्याला पूर्वी कुणी फार किंमत देत नसे. बर्लिनच्या ग्लुकने 1890 च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. 1938 साली लंडनच्या फिलिप वाइल्सने पोलादी गोळा आणि पोलादी वाटी बसवली. 1946 मध्ये पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा आणला. सगळे उपाय काही काळ चालत आणि मग डगमगत. मँचेस्टरच्या या डॉक्टरने हात घातला, तेव्हा खुबा बदलणं हा बहुतेकांच्या लेखी बेभरवशाचा धंदा होता.

जॉनचा जन्म 29 ऑगस्ट 1911 चा, मँचेस्टरच्या उत्तरेला असलेल्या बरी या गावातला. वडिलांचं औषधांचं दुकान, आई परिचारिकेचं शिक्षण घेतलेली. धाकटी बहीण पुढे केंब्रिजला शिकली. घर सुखवस्तू, पण उधळं नव्हे. मुलगा मँचेस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1935 साली डॉक्टर झाला आणि पंचविशीत शल्यविशारदांची सर्वोच्च परीक्षा पार करून बसला. अशा हुशार मुलांच्या कथा आपण पुष्कळ वाचतो, त्यामुळे इथे थांबत नाही. मला रस आहे तो त्याच्या हातांत. या माणसाला जन्मभर हत्यारांचं वेड होतं. कानस, लेथ, पट्टी, स्क्रू यांत त्याचा जीव रमे.

दुसऱ्या महायुद्धाने या वेडाला शाळा मिळवून दिली. 1940 मध्ये तो लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाला, डंकर्कच्या माघारीत जखमींना आणण्यासाठी खाडीपार गेला, आणि नंतर इजिप्तमध्ये त्याची नेमणूक झाली. तिथे मोडलेल्या हाडांसाठी लागणारी फळकुटं, आधार, अवजारं बनवणारा एक कारखाना त्याच्याकडे आला. लष्कराचे यांत्रिक कारागीर हाताखाली होते. जखमी जवानाचा पाय कसा धरावा, चालताना त्याचं वजन कुठून कुठे जावं, याचा विचार तो डॉक्टर म्हणून करायचा आणि तो लोखंडात कसा उतरवायचा, हे कारागिरांकडून शिकायचा. पुढे आयुष्यभर तो या दोन जातींमध्ये सारख्याच सहजपणे वावरला. आपल्याकडे अजूनही हातात पाना धरणारा आणि हातात पेन धरणारा एका टेबलावर क्वचित बसतात. असो.

युद्ध संपल्यावर 1946 मध्ये ऑस्वेस्ट्रीच्या अस्थिरोग रुग्णालयात काही महिने असताना त्याने एक अघोरी प्रकार केला. हाडाचं कलम कसं रुजतं, हे त्याला पाहायचं होतं. कुणा रुग्णावर पाहण्याऐवजी त्याने एका कनिष्ठ सहकाऱ्याला गळ घालून स्वतःच्या नडगीच्या हाडावर शस्त्रक्रिया करवून घेतली. जखम चिघळली, हाडात संसर्ग शिरला, पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. धडधाकट माणूस अंथरुणाला खिळला. याला शौर्य म्हणावं की आडदांडपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मात्र प्रयोगाची किंमत आधी आपण मोजायची, ही खोड त्याला तेव्हापासून होती, एवढं नक्की.

मँचेस्टरच्या मोठ्या रुग्णालयात परतल्यावर त्याचं नाव झालं ते मोडलेल्या हाडांमुळे. शस्त्रक्रिया न करता हाड कसं बसवावं, यावरचं त्याचं 1950 सालचं पुस्तक डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. एवढ्यावर थांबला असता, तरी त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण एका खुब्याची कुरकुर त्याच्या कानावर आली.

रुग्णाला ज्युडे पद्धतीचा ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला होता. दुखणं बरंचसं गेलं होतं; पण गृहस्थ जेवायच्या टेबलाशी पुढे वाकले, की खुबा चक्क वाजायचा, न तेल घातलेल्या बिजागरीसारखा. त्या आवाजाने बायको वैतागून गेली होती. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. चार्नलीला वाटलं, ज्या सांध्यातून आवाज येतो तिथे घर्षण आहे, आणि घर्षण आहे तिथे तो गोळा दर पावलाला आपल्या खुंट्याला हिसडा देतो आहे. आज वाजतोय, उद्या हलेल.

मग त्याने सांध्यातल्या घर्षणाचा पाठपुरावा सुरू केला. त्या काळी समज असा होता, की सांध्यातलं द्रव यंत्रातल्या तेलासारखं काम करतं. चार्नलीने नुकत्याच कापलेल्या पायातले सांधे यंत्रावर चढवून मोजमाप घेतलं. निसर्गाने दिलेला सांधा बर्फावरून सरकणाऱ्या पोलादी पात्यापेक्षाही निसरडा निघाला. आणि ही करामत केवळ द्रवाची नव्हे, कूर्चेच्या पृष्ठभागाचीही आहे, असं त्याचं मत झालं. म्हणजे कृत्रिम सांध्याला शरीरातल्या तेलाचा भरवसा नाही. पदार्थच असा हवा, जो मुळात निसरडा आहे. तेव्हा जगातला सर्वांत निसरडा माहीत असलेला प्लास्टिक पदार्थ होता टेफ्लॉन, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावरचा.

1958 पासून त्याने टेफ्लॉनची वाटी आणि पोलादी गोळा अशी जोडी बसवायला सुरुवात केली. त्यातल्या दोन गोष्टी आजही टिकून आहेत, म्हणून सांगतो. पहिली, सिमेंट. पोलादी दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत नुसता ठोकला, की तो सैल व्हायचा. मँचेस्टरच्याच दंतवैद्यकीय विभागातल्या डेनिस स्मिथ यांनी त्याला कवळी ज्या ॲक्रिलिकची बनते ते सुचवलं. भुकटी आणि द्रव एकत्र कालवायचं, कणकेसारखं झालं की हाडात भरायचं, दांडा रोवायचा, आणि काही मिनिटांत ते दगडासारखं घट्ट होतं. हे चिकटवण्याचं काम नव्हे. फरशीखाली आपण माल भरतो ना, कुठे पोकळ राहू नये आणि वजन सगळीकडे सारखं पडावं म्हणून, तसं हे.

दुसरी गोष्ट गोळ्याची. सगळे जण निसर्गातल्या मापाचा मोठा गोळा बसवत. चार्नली तो लहान करत करत सव्वाबावीस मिलिमीटरवर, म्हणजे आपल्या गोट्यांतल्या ढब्बूएवढ्यावर आला. कारण सोपं आहे. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून जातं हलकं फिरतं. तोच मध्याजवळ बसवला तर जोर दुप्पट लागेल. मोठ्या गोळ्याचं घर्षण असंच कडेला काम करतं आणि वाटीला पिळून सैल करतं. गोळा लहान केला, की पीळ कमी, आणि वाटी जाड ठेवायला जागाही मिळते. लहान गोळा निसटायची भीती जरा जास्त. ती त्याने शस्त्रक्रियेच्या कौशल्याने सांभाळली.

काम वाढलं तसं त्याने मोठं रुग्णालय जवळजवळ सोडलं आणि विगनजवळच्या राइटिंग्टन या रुग्णालयात बस्तान हलवलं. हे मुळात क्षयरोग्यांचं. औषधं निघाल्यावर क्षयाच्या खाटा रिकाम्या पडू लागल्या होत्या. 1961 साली तिथे खुब्याच्या शस्त्रक्रियेचं स्वतंत्र केंद्र सुरू झालं, सोबत प्रयोगशाळा आणि कार्यशाळा. दरम्यान 1957 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, या ब्रह्मचाऱ्याने जिल हीव्हर या तरुणीशी लग्न केलं. संसारात दोन मुलं आली आणि लेथही आलं. दिवसा रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारा हा माणूस रात्री घरच्या लेथवर उद्याच्या रुग्णांच्या वाट्या कातत बसे. जिलबाईंनी हा संसार कसा निभावला असेल, याची मला चरित्र वाचताना वारंवार कुतूहलमिश्रित कणव वाटली.

सुरुवातीचे निकाल डोळे दिपवणारे होते. वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेली माणसं दुखण्याविना चालू लागली. रांग लागली. सुमारे तीनशे जणांना टेफ्लॉनच्या वाट्या बसल्या. आणि तीन-चार वर्षांत हिशेब फिरला.

टेफ्लॉन निसरडं होतं, पण दमदार नव्हतं. पोलादी गोळा वाटीत बुडत चालला. त्याहून वाईट म्हणजे, झिजलेल्या टेफ्लॉनचे बारीक कण आजूबाजूच्या मांसात साचून तिथे चीजसारखा लगदा तयार होऊ लागला, आणि तो हाड पोखरू लागला. एकामागून एक रुग्ण परत येऊ लागले. ज्यांनी दोन-तीन वर्षं सुख अनुभवलं होतं, त्यांना पुन्हा टेबलावर घ्यायचं होतं, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कितीतरी अवघड असते.

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला इथे थांबावंच लागतं. बुडीत खातं दिसू लागलं, की माणसं काय करतात, हे मी फार जवळून पाहिलं आहे. कुणी कर्जाला नवं नाव देऊन ताळेबंदाच्या दुसऱ्या रकान्यात सरकवतो. कुणी बदली करून घेतो. कुणी कर्जदारालाच दोष देतो. चार्नलीने यातलं काहीच केलं नाही. रुग्ण हातातल्या यादीत होते. त्यांना बोलावून तो तपासत राहिला आणि झिजलेले बहुतेक सांधे त्याने स्वतः काढले. हे काम दुसऱ्याकडे ढकलायला त्याचा हुद्दा पुरेसा मोठा होता. ढकललं नाही. तीनशे माणसांचं देणं आपल्या नावावर आहे, असं त्याने धरलं आणि ते एकेक करून फेडत बसला.

आणि त्याच सुमारास त्याने पुन्हा स्वतःच्या अंगावर प्रयोग केला. टेफ्लॉनचे कण शरीराला खरोखर बाधतात का, याची शंका उरू नये म्हणून त्याने स्वतःच्या मांडीत ते टोचून ठेवले. आणि नव्याने हाती आलेल्या दुसऱ्या एका प्लास्टिकचेही. नऊ महिने वाट पाहिली. टेफ्लॉनच्या जागी बोटाला लागणाऱ्या गाठी झाल्या. दुसऱ्या पदार्थाच्या जागी फारसं काही नाही. 1963 च्या अखेरीस त्याने लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात हे निष्कर्ष छापून टाकले, म्हणजे टेफ्लॉनची पंचाईत त्याने स्वतःच जगाला सांगितली. तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती, घरी लहान मूल होतं.

हे दुसरं प्लास्टिक आलं कुठून? इथे ते माग परत येतात.

चार्नलीच्या प्रयोगशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा तंत्रज्ञ होता. झीज मोजायचं यंत्र त्यानेच उभं केलेलं. 1962 च्या मे महिन्यात एक विक्रेता तिथे येऊन पोचला. लँकेशायरच्या यंत्रमागांना लागणारी दात्यांची चाकं तो विकायचा, पॉलिथिनच्या एका अतिघन जातीपासून बनवलेली. मी 1980 च्या दशकात इचलकरंजीच्या शाखेत होतो. यंत्रमागांच्या तारणावर कर्जं देताना माग पाहायला शेडमध्ये जावं लागे. तो अहोरात्र खटखटाट, ते धोट्याचे तडाखे ज्यांनी ऐकलेत, त्यांना सांगायला नको, की मागाच्या चाकाला जो मार सोसावा लागतो तो सोसणारा पदार्थ लेचापेचा असूच शकत नाही. क्रेव्हनलाही तेच वाटलं असावं. त्याने तुकडा ठेवून घेतला आणि साहेबांना दाखवला. साहेबांनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, वेळ वाया घालवू नकोस अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं आणि निघून गेले.

चार्नली उतावळा होता, फटकळ होता, आणि सहकाऱ्यांना त्याचा धाक होता. पण क्रेव्हन लँकेशायरचा कारागीर. साहेब कोपनहेगनला परिषदेला गेलेले असताना त्याने तो तुकडा यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. तीन आठवड्यांनंतर त्या तुकड्याची जेवढी झीज झाली होती, तेवढी टेफ्लॉनची चोवीस तासांतही झाली नसती असं नाही. उलट एका दिवसात टेफ्लॉन त्याहून अधिक झिजलेलं असे. चार्नली परतला, आकडे पाहिले, आणि क्षणात मत बदललं. ज्याला आपण वेड्यात काढलं त्याच्यापुढे मान तुकवणं सगळ्यांना जमत नाही. नोव्हेंबर 1962 मध्ये पहिली पॉलिथिनची वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली.

यापुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. हाती विजयाची वस्तू होती. जगभरचे डॉक्टर मागत होते. लीड्सची थॅकरे कंपनी बनवून द्यायला तयार होती. चार्नलीने दार लावून घेतलं. टेफ्लॉनने त्याला शिकवलं होतं, की दोन वर्षांची हसरी माणसं हा पुरावा नव्हे. त्याने अनेक वर्षं आपल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. बाजार मोकळा व्हायला 1960 चं दशक सरावं लागलं, आणि त्याआधी कंपनीने हा सांधा अशाच शल्यविशारदांना द्यायचा, जे राइटिंग्टनला येऊन काम शिकून गेले आहेत, असा दंडक होता. मोठमोठ्या नावांची माणसं त्या आडगावी येऊन विद्यार्थ्यासारखी उभी राहिली. दीर्घ मुदतीचे निकाल त्याने छापले ते 1972 मध्ये.

त्या मधल्या काळात तो एका अदृश्य शत्रूशी लढत होता, तो म्हणजे संसर्ग. सुरुवातीला शंभरातल्या सात-आठ जणांचा खुबा पिकायचा, आणि पिकलेला कृत्रिम सांधा म्हणजे घरच्या सगळ्यांच्या हालांना पारावार नाही. चार्नलीचा संशय खोलीतल्या हवेवर आणि तिथे वावरणाऱ्या माणसांवर होता. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा कारखाना चालवणाऱ्या हॉवर्थ यांना गाठून त्याने शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचघरासारखी एक खोली उभी केली. तिच्यात वरून गाळलेली हवा संथपणे खाली येई. पुढे डॉक्टरांना सबंध अंग झाकणारा झगा आणि त्यांचा श्वास नळीने बाहेर ओढून नेण्याची सोय. लोक हसले. प्रतिजैविकं देऊन प्रश्न सुटला असता. पण मग श्रेय हवेचं की औषधाचं हे कळलं नसतं, म्हणून ती न देता त्याने प्रमाण एका टक्क्याच्या खाली आणून दाखवलं. आजच्या मोठ्या रुग्णालयांत सांधे बदलण्याच्या खोलीत छतातून जो हवेचा पडदा सुटतो, तो या काचघराचा नातू.

राइटिंग्टनला काम करत असताना फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या तरुण डॉक्टरने हेच तत्त्व, धातूवर पॉलिथिन आणि खाली सिमेंट, गुडघ्यात नेलं. अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे मुंबईत 2000 आणि 2001 मध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा देशभर घरोघरी सांधेबदलाची चर्चा झाली. त्या चर्चेत चार्नलीचं नाव कुणी घेतलं नाही. पण जे बसवलं त्याची कुळी हीच.

मानसन्मान आले. 1974 मध्ये अमेरिकेचं लास्कर पारितोषिक, 1975 मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, 1977 मध्ये सर ही पदवी.

मधे माझी स्वतःची गोष्ट थोडी. माझ्या उजव्या खुब्याने असहकार पुकारला, तेव्हा एका रुग्णालयात माझ्यापुढे तीन रंगीत पत्रकं ठेवण्यात आली आणि देशी बसवायचा की इम्पोर्टेड, असं विचारलं गेलं, बाथरूमच्या टाइल्स निवडाव्यात तसं. मी घरी येऊन रकाने आखले. आज जे पर्याय असतात ते मुख्यतः दोन प्रश्नांचे आहेत. पहिला, सांधा हाडात धरून कशाने ठेवायचा? सिमेंटने, की खरबरीत पृष्ठभागाच्या धातूच्या दांड्याने, ज्यात हाड स्वतः वाढून शिरतं? हाड ठिसूळ झालेल्या वयस्करांना सिमेंट बरं पडतं, तरण्या हाडात बिनसिमेंटचा दांडा चांगला रुजतो. कुठे एका बाजूला सिमेंट, दुसऱ्या बाजूला नाही, असा संकरही चालतो. दुसरा प्रश्न, काय कशावर घासायचं? पॉलिथिन आता किरणांनी अधिक घट्ट विणलेलं येतं, त्यामुळे त्याची झीज फार घटली आहे आणि गोळाही 32, 36 मिलिमीटरचा घेता येतो, म्हणजे निसटायची धास्ती कमी. त्यावर धातूचा गोळा किंवा सिरॅमिकचा. सिरॅमिकवर सिरॅमिक हीही जोडी आहे. झीज नगण्य, पण काही जणांचा सांधा वाजतो. ते वाचून मला ते जेवणाच्या टेबलावरचे गृहस्थ आठवले.

मी दुसऱ्या एका डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली: हाच सांधा आणि हीच पद्धत बसवलेली माणसं दहा-पंधरा वर्षांनी कशी आहेत, याची नोंद कुठे आहे? डॉक्टर नाराज झाले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून परदेशातल्या नोंदवह्यांचे आकडे दाखवू लागले. स्वीडनने खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही 1979 मध्ये उघडली, इंग्लंडची 2003 पासून भरते आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका मोठ्या हिशेबात निम्म्याहून अधिक, नेमके 58 टक्के, बदललेले खुबे पंचवीस वर्षं टिकतात असं दिसलं. आपल्याकडेही शल्यविशारदांच्या संस्थेने नोंदवही ठेवली आहे. तिथे नोंद करणं मात्र ऐच्छिक आहे. मी घेतला तो सिरॅमिकचा गोळा आणि नव्या पॉलिथिनची वाटी. मांडी घालून बसू नका, उकिडवं बसू नका, अशी ताकीद मिळाली, ती मी पाळतो. पत्नीच्या मते हे मी आयुष्यात पाळलेलं पहिलं पथ्य आहे.

नोंदवही ही किती जिवाची गोष्ट आहे, ते पुढे जगाने पाहिलं, आणि नियतीचा खेळ असा, की ते पाहिलं चार्नलीच्याच वारसदारांच्या हातून. चार्नलीचा सांधा बनवणारी लीड्सची थॅकरे कंपनी 1990 मध्ये अमेरिकेच्या डीप्यू कंपनीने घेतली, आणि डीप्यूला 1998 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने. या शतकाच्या सुरुवातीला डीप्यूने एएसआर नावाचा, धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा फिरणारा सांधा बाजारात आणला. तरुण, चपळ रुग्णांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण धातूचे कण झिजून मांसात आणि रक्तात उतरू लागले. टेफ्लॉनची कहाणी धातूत परत लिहिली गेली. नोंदवह्यांतले आकडे बोलू लागल्यावर ऑगस्ट 2010 मध्ये तो जगभरातून मागे घ्यावा लागला. तोवर सुमारे 93 हजार माणसांच्या अंगात तो गेला होता. भारतातही हजारो. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आणि भरपाईचं सूत्र यायला 2018 साल उजाडलं, आणि तेव्हा कळलं, की त्यातल्या पुष्कळ रुग्णांचा पत्ताच लागत नाही. सांधा कुणाला बसवला, तो माणूस आज कुठे आहे, चालतो आहे की नाही, हे कुणाच्या वहीत नाही.

राइटिंग्टनच्या वहीत होतं. चार्नली आपल्या रुग्णांना वर्षांनुवर्षं तपासणीला बोलावत असेच, पण त्यांच्याकडे त्याची आणखी एक मागणी असे. तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा मला परत द्या, अशी संमती तो त्यांच्याकडून लिहून घेई. आपल्याकडे ऐकून अंगावर काटा येईल. त्या साध्यासुध्या लँकेशायरकरांनी, गिरण्यांतून निवृत्त झालेल्या बायाबापड्यांनी, मोठ्या संख्येने त्यावर सह्या केल्या. ज्याने चालतं केलं त्याची वस्तू काम झाल्यावर परत करायची, एवढं त्यांना पटलं असणार. मग कुणी वारल्याचा निरोप आला, की खुबा काढून प्रयोगशाळेत आणला जाई, वाटी किती झिजली ते मोजलं जाई, सिमेंटभोवतालचं हाड तपासलं जाई, आणि आकडा त्या नावापुढे लिहिला जाई.

सर जॉन चार्नली 5 ऑगस्ट 1982 रोजी हृदयविकाराने गेला, सत्तर वर्षांचा होण्याच्या उंबरठ्यावर नव्हे, एकाहत्तरावा वाढदिवस चोवीस दिवसांवर असताना. काम तो अखेरपर्यंत करत होता. त्याच्या मागे त्याचे सहकारी रोब्लेव्स्की यांनी वह्या पुढे चालवल्या आणि 1962 नंतरच्या त्या पहिल्या पॉलिथिनच्या रुग्णांपैकी काहींचा पाठपुरावा तीस-तीस वर्षांपलीकडे नेला. कातणारा हात थांबल्यानंतरही सह्या केलेली माणसं आपापल्या वेळी जात राहिली, आणि कबूल केल्याप्रमाणे त्यांचे खुबे राइटिंग्टनला परत येत राहिले.